नवा संगणक आणि जुने न्याय

यंत्र अगदींच बंद पडलें तर तें दुरुस्त करणें त्या मानानें सोपें असतें. कळ दाबली, दिवा लागला नाहीं. मग वीज कोठपर्यंत येते हें पाहत पाहत गेलें म्हणजे कोठें तरी खंड सांपडतोच. कठीण काम तें बहुतेक वेळ उत्तम चालणाऱ्या आणि मधूनच मूर्च्छा येणाऱ्या यंत्राचें. वैद्य घरीं येतो तेव्हां रोगी ठणठणीत बसून भाकरी खात असतो, आणि वैद्याची पाठ वळतांच त्याला झटका येतो, तशांतला हा प्रकार. घरीं जुळविलेला नवा संगणक वरचेवर 'हँग होणें' ही व्याधि ह्याच जातीची आहे. अलीकडे आमच्या वाचकांच्या घरोघरीं कॉलेजांत जाणारीं मुलें सुटे भाग आणून स्वतः संगणक जुळवूं लागलीं आहेत. तेव्हां ह्या महिन्याचें सदर ह्या व्याधीस द्यावें असें आम्हीं ठरविलें आहे.

प्रथम व्याधीचें रूप. पडद्यावरील चित्र जसेंच्या तसें राहतें. माउसचा बाण हलत नाहीं, कळफलक कांहीं ऐकत नाहीं, गाणें चालू असेल तर एकच स्वर गिरणीच्या भोंग्यासारखा लांबत राहतो, आणि आंतले पंखे मात्र कांहींच घडलें नाहीं अशा थाटांत फिरत असतात. संगणकानें निळा पडदा दाखवून प्राण सोडला तर तो निदान जातां जातां एखादा शब्द तरी बोलून जातो. थिजलेला संगणक कांहींच बोलत नाहीं. बळेंच बंद करून तो पुनः चालू केला कीं विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर नामक नोंदवहींत 'कर्नल-पॉवर' ह्या नांवाखालीं ४१ क्रमांकाची एक नोंद आढळते. ती पाहून पुष्कळ लोक वीजपुरवठ्याचा दोष सांपडला असें समजतात आणि नवा एसएमपीएस आणावयास धांवतात. वस्तुतः त्या नोंदीचा अर्थ इतकाच कीं, मागील खेपेस संगणक रीतसर बंद झाला नव्हता. हा मृत्यूचा दाखला झाला. मृत्यूचें कारण त्यांत लिहिलेलें नसतें.

आमच्या घरीं ही व्याधि गेल्या मे महिन्यांत अवतरली. आमची नात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत आहे. शिष्यवृत्तीचे आणि शिकवण्यांचे मिळून सांठविलेले पैसे घालून तिनें मुंबईस लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानांतून सर्व भाग आणिले. तयार संगणक घ्यावा, म्हणजे बिघडल्यास एकाच दारीं जातां येतें, असें घरांतील वडील मंडळींचें म्हणणें होतें. तिनें सर्वांच्या देखत शब्द दिला कीं, मी जुळवीन आणि तो चालेल. काम तर घरचेंच होतें. आमच्या आजोबांचीं मोडींतील सुमारें चारशें पत्रें आमच्याकडे आहेत. कागद घडीवर तुटूं लागला आहे. सर्व पत्रांच्या प्रतिमा काढून ठेवाव्या, आणि मूळ गठ्ठा महिनाअखेर नागपुरास आमच्या चुलत बंधूंकडे पोंचवावा, असें दोन्ही घरांत ठरलेलें होतें. म्हणजे संगणक चालणें न चालणें हा केवळ पोरीच्या हौसेचा प्रश्न राहिला नव्हता.

पहिल्याच दिवशीं एक घाबरगुंडी झाली. ती नवख्यांच्या उपयोगाची म्हणून सांगतों. कळ दाबली, पंखे फिरले, आणि पडदा काळाच. एक मिनिट गेलें, दोन गेलीं, तरी काळाच. घरांत कुजबूज सुरू झाली. परंतु डीडीआर-५ जातीची रॅम असलेला संगणक पहिल्या वेळीं स्मृतीचे मार्ग स्वतः तपासून जुळवून घेतो; त्याला कित्येक मिनिटें लागूं शकतात, आणि रॅम जितकी अधिक तितका हा वेळ वाढतो. ह्या अवधींत 'मेला' असें समजून कळ दाबीत बसूं नये. आमच्याकडे पांचव्या मिनिटाला पडदा उजळला आणि आमच्या कुटुंबानें देवापुढें साखर ठेवली. त्याच रात्रीं नऊ वाजतां संगणक प्रथम थिजला.

पुढील तीन दिवसांत जितकीं माणसें तितकीं निदानें झालीं. आमच्या कुटुंबाच्या मतें दोष प्रिंटरचा, कारण प्रिंटर लावला आणि त्याच क्षणीं चित्र थांबलें हें त्यांनीं स्वतः पाहिलें होतें. संस्कृतांत ह्याला काकतालीय न्याय म्हणतात: कावळा ताडावर बसावयास आणि फळ पडावयास एकच गांठ पडली, म्हणून कावळ्यानें फळ पाडलें असें होत नाहीं. आमचे धाकटे चिरंजीव बँकेंत आहेत. त्यांनीं विंडोज पुनः घालावयास सांगितलें. तेंही झालें, आणि दुसऱ्या दिवशीं चहाच्या वेळीं संगणक पुनः थिजला. सूनबाईंना उन्हाळ्याचा संशय होता. दुकानदारास दूरध्वनि केला तेव्हां त्यानें सर्व भाग तपासून दिल्याचें सांगितलें, आणि बदलून देण्याची मुदत पंधरा दिवसांची आहे याचीहि आठवण करून दिली. नात स्वतः ४१ क्रमांकाच्या नोंदीवर विसंबून सात-आठ हजारांचा नवा एसएमपीएस मागविण्याच्या बेतांत होती. आम्हीं तिला तें करूं दिलें नाहीं. तिच्या हातीं एक दोनशें पानी वही दिली.

आम्ही संगणकशास्त्र जाणतों असें नव्हे. परंतु तर्कसंग्रह जन्मभर मुलांना शिकविला आहे, आणि कारण कसें शोधावें हें त्यांत जितक्या स्वच्छपणें सांगितलें आहे तितकें दुकानदाराच्या दूरध्वनीवर मिळणें शक्य नाहीं. जेथें धूर आहे तेथें अग्नि असतो, हा अन्वय. जेथें अग्नि नाहीं तेथें धूर नसतो, हा व्यतिरेक. दोन्ही बाजू जुळल्याखेरीज कारण सिद्ध होत नाहीं. व्यवहारांत ह्याचा अर्थ असा कीं, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि ती बदलल्यावर काय झालें तें वेळेसह लिहून ठेवावें. तरुण मुलें ह्याच्या नेमकें उलट करतात. एका रात्रींत बायोस नवें करतात, केबली बदलतात, विंडोज घालतात, ग्राफिक्स कार्ड काढून पुसून बसवितात. दोष गेला तर कशानें गेला हें कळत नाहीं, आणि आठ दिवसांनीं परत आला तर आरंभ कोठून करावा हें सुचत नाहीं.

वहीवरून आठवलें. हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-टू ह्या अवाढव्य गणनयंत्रांत ९ सप्टेंबर १९४७ रोजीं एका रिलेमध्यें अडकलेला पतंग सांपडला. तंत्रज्ञांनीं तो चिकटपट्टीनें नोंदवहींतच डकविला. ती वही आज अमेरिकेंत स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहीं आहे. यंत्रदोषास 'बग' म्हणण्याची चाल ह्या पतंगापासून पडली असें पुष्कळ ठिकाणीं छापलेलें असतें, तें बरोबर नाहीं. एडिसनच्या १८७८ सालच्या पत्रांतच तो शब्द ह्या अर्थानें आलेला आहे. आम्हांस त्या गोष्टींत कौतुक वाटतें तें पतंगाचें नव्हे. पतंग सांपडला त्या क्षणीं वही शेजारीं उघडी होती, ह्याचें वाटतें.

सहा दिवसांत आमच्या वहींत नऊ नोंदी झाल्या. त्यांनीं प्रथम निरपराध्यांना सोडविलें. प्रिंटर नऊपैकीं तीन वेळां लावलेला होता, सहा वेळां नव्हता, प्रिंटर सुटला. उष्णतेचा संशय असा गेला कीं, दोन मूर्च्छा पहांटे सहाच्या सुमारास, खिडक्या उघड्या असतांना आल्या होत्या, आणि त्या वेळीं प्रोसेसरचें तापमान ६० अंशांच्या वर नव्हतें. शिवाय आजचा प्रोसेसर तापला तर आधीं आपली गति कमी करतो, आणि अगदींच न साहवल्यास सर्व यंत्र बंद पाडतो. चित्र धरून थिजत राहणें ही तापाची नेहमींची रीत नव्हे. तरी ज्यांच्याकडे तापमान पहिल्या मिनिटांतच ९० च्या पुढें जात असेल त्यांनीं पंख्याचा ठोकळा उतरवून पाहावा. त्याच्या तळाला चिकटविलेली प्लॅस्टिकची पातळ फिल्म काढावयाची राहून जाणें हा प्रमाद चांगले चांगले लोक करतात.

विजेकडील तपासणी तितक्याच थोडक्यांत सांगतों. एसएमपीएसपासून मदरबोर्डला येणाऱ्या दोन मुख्य जोडण्या, एक २४ टोंकांची व दुसरी प्रोसेसरजवळची ८ टोंकांची, खटका ऐकूं येईपर्यंत दाबल्या. जुन्या वाड्यांत तीन भोकांचा सॉकेट असला तरी तिसऱ्या भोकाला अर्थिंगची तार जोडलेली असतेच असें नाहीं. कॅबिनेटला हात लावतांच मुंग्या येत असतील तर संगणक बाजूला ठेवून आधीं वायरमनला बोलवावें. आमच्याकडे अर्थिंग ठीक निघालें. एसएमपीएस विकत न आणतां नातीनें मैत्रिणीकडून दोन दिवसांकरितां उसना आणला. त्याच्यावरहि संगणक दोनदां थिजला. सात-आठ हजार वांचले, आणि राहिला तो रॅमचा संशय.

येथें एक गोष्ट सांगावयास हवी. रॅमच्या एकंदर चार पट्ट्या बसविलेल्या होत्या, प्रत्येकी १६ जीबीच्या. त्यांपैकीं दोन नातीनें घेतलेल्या. उरलेल्या दोन, त्याच कंपनीच्या व त्याच नांवाच्या, तिच्या काकांनीं आपल्या पहिल्या बोनसांतून तिला भेट दिल्या होत्या. "होऊन जाऊं दे काम दांडगें," असें म्हणून संगणक जुळवावयाच्या आदल्या सायंकाळींच त्यांनीं तें खोकें तिच्या हातीं ठेविलें. चारही पट्ट्या पहिल्यापासून एकत्र बसल्या असल्यामुळें त्यांच्या आधीं काय होत होतें हें पाहण्याची सोयच नव्हती.

रॅमची परीक्षा करण्याकरितां मेमटेस्ट-८६ नांवाची प्रणाली विनामूल्य मिळते. ती पेनड्राइव्हवर घालून संगणक तिच्यावरूनच चालू करावयाचा. विंडोजचा मग संबंधच येत नाहीं. येथें मात्र आपल्या स्वयंपाकघरांतील स्थालीपुलाक न्याय चालत नाहीं. भाताचें एक शीत दाबून सर्व भात शिजला असें म्हणतां येतें, कारण सर्व शितांना एकच आंच लागलेली असते. ६४ जीबी रॅममध्यें सुमारें पंचावन्न हजार कोटी शितें असतात, आणि एखादें शीत शेजारच्या शितांत विशिष्ट अंक असतांनाच, तेंही यंत्र दोन तास तापल्यावर, चुकतें. म्हणून एक फेरी निर्दोष गेली म्हणजे रॅम निर्दोष, असें समजूं नये. चारही फेऱ्या होऊं द्याव्या. त्याला रात्र लागली तर लागूं द्यावी.

पहिल्या रात्रीं चारही पट्ट्यांवर परीक्षा लावली. दुसऱ्या फेरींत तांबड्या ओळी उमटल्या, चूक सांपडली. नातीचा चेहरा उजळला, आणि लगेच उतरला, कारण आतां चारांपैकीं कोणती हा प्रश्न होता. दुसऱ्या रात्रीं तिच्या स्वतःच्या दोनच पट्ट्या ठेविल्या: चारही फेऱ्या निर्दोष. तेव्हां दोष काकांच्या भेटींत, असें कोणीहि म्हटलें असतें. तिनें तें मनांत म्हटलें असावें, कारण त्या दिवशीं जेवतांना ती काकांकडे पाहत नव्हती. आम्हीं म्हटलें, अर्धा अन्वय झाला आहे, घाई नको. तिसऱ्या रात्रीं काकांच्या दोन पट्ट्या एकट्या ठेविल्या. त्याहि निर्दोष! कोणतीहि जोडी सदोष नाहीं, आणि चौघी मिळून मात्र सदोष.

व्याकरण शिकलेल्या माणसाला ह्यांत नवल वाटावयास नको. दोन पदें स्वतंत्रपणें शुद्ध असतात. शेजारीं येतांच संधीचे नियम लागू होतात, आणि ते पाळले नाहींत तर पदें शुद्ध असूनहि वाक्य अशुद्ध ठरतें. मदरबोर्डवर रॅमसाठीं खांचा चार असतात, पण प्रोसेसरकडून त्यांच्याकडे जाणारे मुख्य मार्ग दोनच. एकेका मार्गावर दोन दोन खांचा. एका मार्गावर एकच पट्टी असेल तर संदेश सरळ जातो. दुसरी पट्टी बसली कीं मार्गाला फांटा फुटतो, प्रत्येक संदेशाचा थोडा अंश त्या फांट्यावरून उलटून येतो, आणि प्रोसेसरवरील भारहि वाढतो. आतां वेग पाहा. खोक्यावर ६००० असा आंकडा छापलेला होता. त्याचा अर्थ एकेका तारेवरून दर सेकंदास ६०० कोटी अक्षरें, म्हणजे शून्य किंवा एक, जावयाचीं. एका अक्षराच्या वांट्यास येणाऱ्या वेळांत प्रकाशसुद्धां पोकळींत सुमारें ५ सेंटिमीटरच जातो. मागील अक्षराचा प्रतिध्वनि विरण्याच्या आंत पुढील अक्षर येऊन आदळतें, आणि कोट्यवधि अक्षरांत एखादें चुकीचें वाचलें जातें. तें अक्षर एखाद्या चित्रांतलें असेल तर एक ठिपका बदलतो, कोणाला कळतहि नाहीं. तें एखाद्या आज्ञेच्या पत्त्यांतलें असेल तर प्रोसेसर भलत्याच दारीं जाऊन उभा राहतो. आणि आपण म्हणतों, संगणक थिजला.

ही मर्यादा कोणीं लपवून ठेविलेली नाहीं. आमच्या नातीनें घेतलेला प्रोसेसर एएमडीच्या रायझन ७००० मालिकेंतला. त्या मालिकेसाठीं कंपनीनें स्वतः जाहीर केलेला वेग दोन पट्ट्यांकरितां ५२०० आणि चार पट्ट्यांकरितां ३६०० असा आहे. खोक्यावरील ६००० हा पट्ट्यांचा अंगचा दावा. तो वेग मिळविण्याकरितां बायोसमध्यें 'एक्स्पो' नांवाची कळ मुद्दाम चालू करावी लागते. इंटेलच्या यंत्रांत तिलाच एक्सएमपी म्हणतात. दोन पट्ट्यांवर ती बहुधा सुखानें चालते. परंतु रॅमचें खोकें हा एक संच असतो. त्यांतल्या पट्ट्या एकमेकींबरोबर तपासलेल्या असतात. एकाच नांवाचीं दोन खोकीं आणलीं म्हणून चौघींचा संच तयार होत नाहीं. तरुण वाचक विचारतील कीं, डीडीआर-५ मध्यें चूक सुधारण्याची सोय आंतच असते ना? असते, पण ती चकतीच्या आंत घडलेली चूक सुधारते. चकती ते प्रोसेसर ह्या वाटेवर जें बिघडतें तें तिच्या कक्षेबाहेरचें.

चौथ्या रात्रीं व्यतिरेकाची उरलेली बाजू पुरी केली: चारही पट्ट्या बसवून एक्स्पोची कळ बंद ठेविली. वेग आपोआप ३६०० वर आला. चार फेऱ्या निर्दोष. आयुर्वेदाच्या निदानपंचकांत उपशय म्हणून एक अंग आहे: औषध देऊन पाहावें, गुण आला तर त्यावरूनच रोग ओळखावा. ज्यांच्याजवळ रात्री जागविण्याचा धीर नाहीं त्यांनीं निदान एवढा उपशय तरी करावा. एक्स्पो किंवा एक्सएमपी बंद करून आठ दिवस संगणक नित्याप्रमाणें वापरावा. मूर्च्छा थांबल्या तर रोग कोठें आहे हें जवळजवळ ठरलेंच.

आमच्याकडे मात्र ह्यापुढचाच प्रश्न अवघड होता. चारही पट्ट्या ठेवून मंद वेगानें चालवावयाचें, कीं दोनच ठेवून पूर्ण वेगानें? पत्रांच्या प्रतिमा काढावयास ३२ जीबी पुरून उरते. परंतु काकांची भेट परत करावयाची म्हणजे त्यांना काय वाटेल, म्हणून नात दिवसभर गप्प होती. बदलून देण्याच्या मुदतीचा तेरावा दिवस होता. आम्हांस ह्यांत पडण्याचें कारण नव्हतें, रात्रीं तीच वही घेऊन त्यांच्यापुढें गेली आणि म्हणाली, "काका, तुमच्या पट्ट्यांत कांहीं दोष नाहीं. माझ्याहि नाहींत. चारी एकत्र धांवत नाहींत, एवढेंच. हें बघा." चिरंजीवांनीं चारही रात्रींचीं पानें सावकाश वाचलीं. बँकेंतला माणूस; वही दिसली कीं त्याला बरें वाटतें. "मग परत दे अन् त्याच्या बदल्यांत दुसरी डिस्क घे," ते म्हणाले, "आजोबांचीं पत्रें एकाच ठिकाणीं ठेवूं नकोस." तसेंच झालें, आणि ह्या सूचनेचें मोल दुसऱ्याच दिवशीं कळलें.

कारण त्या तेरा दिवसांत संगणक थिजत होता तो थिजत होता, पण थिजत नव्हता त्या वेळीं काय करीत होता? पत्रें वाचून डिस्कवर लिहीत होता, आणि लिहितांना प्रत्येक अक्षर त्याच रॅममधून जात होतें. १६२ पत्रांच्या प्रतिमा झालेल्या होत्या. नातीनें त्या एकेक उघडून मूळ कागदाशीं ताडून पाहिल्या. दोघींचा खालचा अर्धा भाग करड्या पट्ट्यांनीं भरलेला निघाला, तिसरी उघडेचना. ती तिसरी प्रतिमा १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या सांथींत आमच्या घरांतील कोण कोण गेलें त्यांचीं नांवें असलेल्या पत्राची होती. ती नांवें घरांत दुसऱ्या कोठेंहि लिहिलेलीं नाहींत. आम्हीं नागपुरास दूरध्वनि करून गठ्ठा पंधरा दिवस उशिरानें येईल असें कळविलें. उरलेल्या १५९ प्रतिमा डोळ्यांना अखंड दिसत होत्या. पण डोळ्यांना न दिसणारी चूक त्यांत नसेल कशावरून, असें म्हणून नातीनें सर्वच्या सर्व पुनः काढल्या. तत्पूर्वी विंडोजहि नव्यानें घातलें, कारण तेंही त्याच चुकणाऱ्या रॅममधून डिस्कवर उतरलेलें होतें. चिरंजीवांचा पहिला सल्ला अशा रीतीनें अखेर पाळला गेला, मात्र योग्य क्रमानें. ज्यांचा नवा संगणक थिजत असेल त्यांनीं तो दोष निघेपर्यंत त्याच्यावर लग्नाचीं छायाचित्रें, हिशेब, दस्तऐवज यांतलें कांहींहि उतरवूं नये. आणि प्रतिमा झाल्या म्हणून मूळ कागद तर मुळींच हातावेगळे करूं नयेत.

दोष नेहमींच जुळणीचा असतो असें मात्र नाहीं. २०२२ सालीं कांहीं रायझन यंत्रें विंडोज चालू असतां क्षणभर अडखळत. सुरक्षेसाठीं प्रोसेसरमध्येंच ठेविलेल्या एका व्यवस्थेची मदरबोर्डवरील बायोसच्या चकतीशीं होणारी देवघेव लांबत असे, हें त्याचें कारण. एएमडीनें तें त्या वर्षीं मार्चमध्यें मान्य केलें आणि नव्या बायोसमधून उपाय दिला. त्याहून मोठें प्रकरण इंटेलचें. त्यांच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या टेबलावरील संगणकांचे कांहीं प्रोसेसर आंतील आज्ञावलीच्या दोषामुळें प्रमाणाबाहेर व्होल्टेज मागत व हळूहळू झिजत. २०२४ च्या ऑगस्टांत कंपनीनें सुधारलेली आज्ञावली दिली आणि हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढविली. परंतु जो प्रोसेसर आधींच झिजला त्याला नव्या आज्ञावलीनें तारुण्य येत नाहीं. तो बदलूनच घ्यावा लागतो. म्हणून कोणत्याहि भागावर संशय घेण्यापूर्वीं मदरबोर्डच्या कंपनीच्या स्थळीं जाऊन बायोसची अलीकडची आवृत्ति घालावी. तें काम चालू असतां वीज जाणार नाहीं अशी वेळ पाहावी. आमच्या भागांत तरी गुरुवार टाळावा.

एक बारीक सूचना राहिली. रॅमच्या दोनच पट्ट्या बसवावयाच्या असतील तर त्या पहिल्या दोन खांचांत शेजारीं शेजारीं बसवूं नयेत. बहुतेक मदरबोर्डांवर प्रोसेसरपासून मोजतां दुसरी आणि चौथी खांच ही त्यांची जागा असते. मदरबोर्डबरोबर आलेल्या पुस्तिकेंत तसें चित्र दिलेलें असतें. ती पुस्तिका, प्रत्येक भागाची पावती व त्यावरील अनुक्रमांक एका लखोट्यांत घालून कॅबिनेटच्या आंतल्या बाजूस नव्हे, तर घरच्या कागदपत्रांत ठेवावा.

यूपीएस व त्याची बॅटरी यांविषयीं तीन वाचकांचीं पत्रें आलीं आहेत. त्यांना उत्तर पुढील अंकीं देऊं.